विद्यार्थी निरुत्तर

बी.एड. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. तिथे काचेचं सामान फुटतं, फुटलेलं कुणीतरी हळूच कपाटाखाली लोटतं आणि वर्षाकाठी झाडू फिरवला की टोपलीभर निघतं. किश्श्यांचंही तसंच. जमवायला कुणी जात नाही, ते साठतात.

निवृत्त झाल्यापासून भिवंडीत जुनी माणसं भेटतात. चहाला बसवतात आणि म्हणतात, मामा, सायन्सवाल्यांचं काहीतरी सांगा. मी बोलका माणूस नाही. शिक्षण सातवी. पण बी.एस्सी. झालेल्यांना पिपेट कसा धरायचा ते मी दाखवलेलं आहे, आणि जे सांगतो ते पाहिलेलं सांगतो.

बॅचेस पुष्कळ झाल्या. मी एकाच बॅचचं सांगतो. फिजिकल सायन्स मेथडला, म्हणजे तो विषय शिकवायची पद्धत शिकायला, त्या वर्षी सहा जण होते. त्यातली एक माझी मुलगी.

*

शाळा-कॉलेजात शिपायाला आणि लॅबवाल्याला सगळे मामा म्हणतात. प्राचार्य मामा म्हणतात, विद्यार्थीही मामाच म्हणतात. मला नाव आहे हे पगारपत्रक लिहिणारे भोईर क्लार्क सोडले तर कुणाच्या लक्षात नव्हतं. आडनाव पाटील. आमच्या तालुक्यात पाटील म्हटलं की कुठला, कुणाचा, असं पुढे कुणी विचारत नाही.

अश्विनीचं अॅडमिशन आमच्याच कॉलेजात लागलं तेव्हा गावी दिघाशीला घराच्या ओट्यावर बसवून मी तिला सांगितलं, "कालेजात मी मामा हाय. सगल्यांचा तसा तुजा. बाप घरी."

तिने कारण विचारलं. मी तिला वॉचमन सरांचं सांगितलं.

आमच्या संस्थेचं एक हायस्कूल आहे. तिथे गणिताचे एक सर होते. त्यांचे वडील त्याच शाळेचे वॉचमन. कर्मचाऱ्याचा मुलगा म्हणून संस्थेने त्यांना घेतलं. माणूस हुशार, शिकवणं चोख. पण पोरं त्यांना वॉचमन सर म्हणायची. पोरांच्या किती पिढ्या गेल्या, नाव गेलं नाही. निरोप समारंभात पाहुण्याने भाषण करताना चुकून तेच नाव घेतलं. सगळे हसले. सरांनीही उठून हात जोडले आणि हसले. मी खुर्च्या लावायला होतो. ते हसणं मी समोरून पाहिलं.

अश्विनी ओट्यावरून उठली आणि आत गेली.

भोईरांनाही मी ताकीद दिली. ते म्हणाले, "मामा, लोक नसलेलं नातं काढून आत शिरतात. तुम्ही असलेलं पुसताय."

एसटीत ती पुढे बसायची, मी मागे. स्टँडवर उतरलो की ती आधी चालू लागायची. मी टपरीपाशी पाच मिनिटं थांबायचो. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "मामा, सायन्स लॅब कुठे आहे?" मी बोट दाखवलं.

पंधरा दिवसांनी घरी चहा होत होता. चुलीपासून बायकोने विचारलं, आधी कुणाला देऊ? अश्विनी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "मामांना दे."

बायको डोक्यावर पदर घेत बाहेर आली आणि दाराकडे बघायला लागली. "कवा आला माजा भाव? हाक पन न्हाय मारली."

त्या दोघी संध्याकाळपर्यंत हसत होत्या. नंतर घरीही अश्विनीच्या तोंडून अधूनमधून मामा निघायचं. सुरुवातीला ती जीभ चावून बाबा म्हणायची. पुढे जीभ चावायची थांबली.

*

बी.एड.मध्ये प्रत्येकाला शाळांत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात. पाठाचं टाचण आदल्या दिवशी लिहायचं. डाव्या बाजूला शिक्षक काय करणार, उजव्या बाजूला विद्यार्थी काय म्हणणार. म्हणजे पोराने उद्या काय उत्तर द्यायचं तेही आजच लिहून ठेवायचं.

त्यात एक गंमत आहे. सुरुवातीला सोपे सोपे प्रश्न विचारायचे आणि शेवटचा असा विचारायचा की कुणालाच आला नाही पाहिजे. त्याच्यासमोर सगळे एकच लिहितात : विद्यार्थी निरुत्तर. वर्ग गप्प झाला की शिक्षकाने म्हणायचं, आज आपण अमुक अमुक शिकणार आहोत. याला हेतुकथन म्हणतात. हेतुकथनाआधी पाठाचं नाव फुटता कामा नये.

आमच्या बॅचमध्ये रेहान होता. घरचे कापडाचे लूम, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, डोकं तल्लख. त्याचा पहिला पाठ हवेच्या दाबाचा. पाण्याने भरलेला ग्लास, त्यावर पुठ्ठा, ग्लास उलटा केला, पुठ्ठा पडला नाही. सामान मीच लावून दिलं होतं. रेहानने शेवटचा प्रश्न विचारला, "पुठ्ठा का पडला नाही?" आणि गप्प बसून वर्गाकडे बघू लागला.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, खालून हवा दाबते."

रेहानने टाचणात बघितलं. टाचणात निरुत्तर होतं. तो घामाघूम झाला आणि मराठी विसरला.

"बैठ जा बेटा. ये तेरे को अभी नहीं आता."

"पर सर, आता है."

"अभी नहीं. हेतुकथन के बाद आएगा."

मागच्या बाकावर आमचे मेथडचे देवरे सर बसले होते. त्यांनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला, "टाचणाची एक प्रत विद्यार्थ्यांनाही द्यावी."

*

प्रतीक्षा कोन गावची. स्वभावाने भित्री, अक्षर सुंदर. तिचा पाठ प्रकाशाचा. प्रिझममधून उन्हाची तिरीप सोडायची आणि भिंतीवर सात रंग दाखवायचे. ऑगस्ट महिना, आभाळ भरलेलं, ऊन नाही. टॉर्च आणला होता, त्याचे सेल गेलेले. ती चूक माझी.

ती बराच वेळ प्रिझम फिरवत राहिली. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "समजा, इथे सात रंग आहेत. कुणाकुणाला दिसले?"

सगळ्या वर्गाने हात वर केले. मागचा एक म्हणाला, "बाई, मला आठ दिसले."

परत येताना रिक्षात सगळे हसत होते. प्रतीक्षा सामानाची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "मामा, भिंतीवर काहीच नव्हतं. तरी हात वर केले त्यांनी. मी विचारलं म्हणून."

चार दिवसांनी ऊन पडलं. तिने लॅबमधून प्रिझम मागून नेला, मधल्या सुट्टीत त्या शाळेत गेली आणि एकेका पोराला बोलावून तळहातावर रंग पाडून दाखवले. त्याचे मार्क नव्हते. मी रजिस्टरमध्ये नोंद केली नाही.

पुढे तिचं लग्न झालं. सासरी तिने नोकरी केलेली चालत नाही.

*

अश्विनीचा पाठ होता कार्बन डायऑक्साइडचा. शहाबादी फरशीचे तुकडे आणि अॅसिड शंकुपात्रात टाकायचं, तयार झालेला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडायचा. निवळी दुधासारखी पांढरी होते. सोपा प्रयोग आहे, फक्त बूच घट्ट पाहिजे.

त्या आठवड्यात सहाही जणांचा तोच प्रयोग होता. मी सहा ट्रे लावले. बुचं पाच चांगली होती, एक चिरलेलं. चिरलेलं मी अश्विनीच्या ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या ट्रेमध्ये ठेवलं असतं आणि उद्या आमचं नातं कळलं असतं, तर लोकांनी बोट दाखवलं असतं.

वायू नळीतून गेलाच नाही, बुचातून बाहेर पडला. निवळी स्वच्छ पाण्यासारखी. पन्नास पोरं बघतायत. देवरे सरांनी पेन काढलं. मी दाराशी उभा होतो आणि माझ्या खिशात मेण होतं. बोटभर लावलं असतं तर गळती थांबली असती. अश्विनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खिशातला हात बाहेर काढला नाही.

तिने नळी सोडवली, धुतली, निवळीत बुडवली आणि तोंडाने फुंकली. फुंकत राहिली. निवळी पांढरी झाली.

"आता सांगा, माझ्या श्वासात काय आहे?"

एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही फरशी खाल्ली?"

वर्ग हसला, अश्विनी पण हसली, आणि तिथून पाठ असा चालला की तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठेनात. देवरे सरांनी सगळ्यांत जास्त मार्क दिले. घंटेनंतर फळा पुसताना तिचा चेहरा मी बघितला. हिला हेच करायचं आहे, दुसरं काही नाही, हे मला तेव्हा कळलं.

घरी जेवताना तिने विचारलं, "बूच सगल्यांना तसंच होतं?"

"सगल्यांना तसंच."

तिने मान हलवली आणि जेवत राहिली. आठवडा संपल्यावर सगळे ट्रे तिनेच धुतले होते, हे मला नंतर आठवलं.

*

देवरे सरांचंही सांगायला हवं. असा शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्याचं मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. सहा जणांना नोकरीत कसं लागायचं ते शिकवायचे आणि स्वतः दरवर्षी मुलाखतीला बसायचे. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, म्हणून कळायचं.

एकदा तासाला रेहानने विचारलं, "सर, आप परमनंट कब होंगे?"

बाकीच्यांनी त्याला कोपर मारलं. सर रागावले नाहीत. त्यांनी प्रश्न तसाच्या तसा फळ्यावर लिहिला, बाजूला उभी रेघ मारली आणि म्हणाले, "अपेक्षित उत्तर लिहा."

सहाही जणांनी वह्या उघडल्या, माना खाली घातल्या. कुणाचंही पेन हललं नाही.

सरांनी पाच मिनिटांनी डस्टर उचलला. "बरोबर आहे सगळ्यांचं," म्हणाले.

*

निकाल लागला. अश्विनी मेथडमध्ये पहिली आली. देवरे सर पेढ्यांचा पुडा घेऊन लॅबमध्ये आले. "मामा, तोंड गोड करा. ती अश्विनी पाटील पहिली आली."

मी पेढा घेतला. "चांगली पोर दिसते," म्हणालो.

*

त्यानंतर ती शिक्षक पात्रता परीक्षा पास झाली. भरती निघणार, निघणार, असं ऐकत वर्ष गेलं. दोन शाळांत मुलाखती दिल्या. एकीकडे विषय बदलला, एकीकडे तुकडीच बंद झाली. रेहान घरच्या लूमवर बसला. बॅचमधले तिघे भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात लागले, त्यात अश्विनी. काम पार्सल स्कॅन करायचं. शिफ्ट ड्युटी, दिवसभर उभं राहणं.

तिथे नव्या माणसांना वजन कसं उचलायचं ते शिकवतात. सुपरवायझर यूपीचा. तो रोज ओरडायचा, "कमर मत झुकाओ, घुटना मोडो," आणि रोज कुणाची तरी कंबर धरायची. एक दिवस अश्विनीच्या गळ्यातलं कार्ड बघून म्हणाला, "मॅडम, आप बी.एड. हो ना? तो आप ही पढाओ इनको."

ती चाळीस माणसांसमोर उभी राहिली. एक खोका हात लांब करून धरायला लावला, मग तोच पोटाशी. जड कुठला, हलका कुठला, ते त्यांच्याकडूनच काढून घेतलं. गुडघे का वाकवायचे ते शेवटी त्यांनीच तिला सांगितलं. आमच्या दिघाशीकडची एक वयस्कर बाई तिथे होती. तिने विचारलं, "बाय, उंद्या पन तूच शिकवशील ना?"

हे सगळं अश्विनीने घरी हातवारे करून सांगितलं. बायको खूश झाली. म्हणाली, "मंग झालीस की बाई एकदाची."

अश्विनी म्हणाली, "त्या पाठाला नंबर न्हाय, आई."

सराव पाठाला टाचणावर क्रमांक असतो. बायकोला ते समजलं नाही. मला समजलं.

*

आता शेवटचा. हा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

माझ्या नोकरीचे चार महिने राहिले होते. सकाळी अकराची वेळ. मी बेसिनवर ब्युरेट धूत होतो. देवरे सर टेबलाशी काहीतरी लिहीत होते. भोईर मस्टर घेऊन सहीसाठी आले होते. तेवढ्यात अश्विनी आली. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं होतं, म्हणून शिफ्टच्या आधी आली होती. गोदामाचा निळा टी-शर्ट, गळ्यात कार्ड.

सर म्हणाले, "बरं झालं आलीस. तुझंच नाव लिहितोय."

आमच्या हायस्कूलमध्ये सायन्सची जागा रिकामी झाली होती. संस्थेने सरांकडे बारापर्यंत एक नाव मागितलं होतं. अश्विनी खुर्चीचा हात धरून उभी राहिली. मी नळाकडे बघत राहिलो.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. संस्थेच्या सेक्रेटरींचा होता. सर दोन मिनिटं नुसतं हो, हो करत होते. फोन ठेवला आणि त्यांनी अश्विनीकडे न बघता सांगितलं. संस्थेचा रिवाज असा की कर्मचाऱ्याच्या घरात कुणी पात्र असेल तर पहिला हक्क त्याचा. तसं कुणी असलं तर जागा त्याला जाईल. नसलं तर सेक्रेटरींनी स्वतःचं एक नाव तयार ठेवलं आहे. बाहेरचं तिसरं नाव चालणार नाही.

"म्हणजे तुझं नाही होणार, अश्विनी," सर म्हणाले. मग भोईरांना विचारलं, "आपल्या स्टाफमध्ये कुणाच्या घरी सायन्सचं बी.एड. आहे का हो? निदान हक्काच्या माणसाला तरी जाऊ दे."

भोईरांनी मस्टर मिटलं. "मला काय विचारता सर," ते म्हणाले, "मामांना विचारा. एकतीस वर्षं आहेत ते इथे."

सर वळले. "काय मामा? तुमच्या घरी आहे का कुणी?"

मी नळ बंद केला.

"नाही सर."

"मामा," भोईर म्हणाले, "जरा आठवून सांगा."

"त्यात आठवायचं काय? न्हाय."

सरांनी कागदावरच्या नावावर एक आडवी रेघ मारली. मग सर्टिफिकेट काढलं, सही केली, शिक्का मारला आणि अश्विनीच्या हातात दिलं. तिने ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. फोल्डरचं बटण लागत नव्हतं. तिने दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा लागलं.

सरांना काहीतरी बोलायला हवं होतं बहुतेक. म्हणाले, "तू दिघाशीची ना? मामाही तिकडचेच. तुला ठाऊक असेल. खरंच नाही का यांच्या घरी कुणी शिकलेलं?"

भोईर खिडकीबाहेर बघत होते. मी ब्युरेट स्टँडला लावत होतो आणि त्याचा स्क्रू बसत नव्हता.

अश्विनीने फोल्डर बॅगेत टाकला. बॅग खांद्याला लावली.

"मामांनी सांगितलं ना सर," ती म्हणाली. "मामा खोटं बोलत नाहीत."